दगडापुढचा सहावा खांब

मी गाडी चालवायला बसलो की माझी बायको मागच्या सीटवर जाऊन बसते. पुढं बसलं की काय होणार आहे ते आधीच दिसतं, मागं बसलं की झाल्यावरच कळतं, तेवढाच जिवाला आराम, असं तिचं म्हणणं. त्यामुळं त्या दिवशी सकाळी परळीहून निघालो तेव्हा माझ्या शेजारी माय बसली होती. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत मेणबत्त्यांचं पाकीट, काडीपेटी, धुतलेलं पांढरं फडकं आणि एक बिस्किटचा पुडा. पुडा कुणासाठी, हे मी विचारलं नाही. बायकोनंही नाही.

आम्ही एका स्टेशनवर चाललो होतो. तिथं आता गाडी थांबत नाही. थांबणार कशी, तिथं आता रूळच नाहीत.

परळीहून गंगाखेडच्या अंगाला पूर्वी छोटी, मीटरगेजची लाईन होती. त्या लाईनीवर, आपल्या जिल्ह्याची हद्द संपायच्या अलीकडं, एक इवलंसं स्टेशन होतं: एक खोली, एक तिकिटाची खिडकी, दगडी काठाचा फलाट आणि मागं दोन क्वार्टर. त्यातल्या एका क्वार्टरात माझ्या आईवडलांचा संसार सुरू झाला. वडील रेल्वेत चावीवाले होते. हे काम आता सांगूनही पोरांना कळत नाही. रोज उजाडताना खांद्यावर हातोडा टाकायचा, नेमून दिलेल्या हद्दीत रुळाच्या कडेनं चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकायच्या, आणि तसंच चालत परत यायचं. एवढंच काम. ते वडलांनी उभ्या जन्मात केलं.

चालणाऱ्या माणसाला मैल-कोस लागत नाहीत. वडलांचं सगळं माप तारेच्या खांबांत असायचं. आमच्या घरापासून शाळा चार खांबांवर होती, पिठाची गिरणी सात खांबांवर, आणि मामा रागावून निघून गेला तेव्हा तो ‘दोन खांबसुद्धा गेला नसंल, बोलाव त्याला’ असं वडील म्हणाले होते. चौथीपर्यंत मला वाटायचं, खांब हे सरकारी माप आहे. ‘एक किलोमीटर म्हणजे किती?’ या प्रश्नाचं उत्तर मी परीक्षेत खांबांत लिहून आलो आणि गुरुजींच्या हातचा मार खाल्ला. वडलांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘उत्तर बरोबर हाय.’

त्या क्वार्टरात माझ्या आधी एक मुलगा झाला होता. बारसं व्हायच्या आधीच तो गेला. काय झालं ते कुणाला कळलं नाही. सकाळी अंगाला हात लावला तर गार होता, एवढंच माय सांगते. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, माती देतात. आणि मातीला बाई जात नाही. त्यात ती बाळंतीण. गावात आमच्या लोकांच्या मसणवट्याच्या जागेवरून तेव्हा आधीच कुरबुर चालली होती. वडील म्हणाले, ‘रेल्वेच्या हद्दीत द्यायची. तिथून कुणी उठवणार न्हाई.’ वडील आणि त्यांच्या टोळीचा मुकादम असे दोघंच गेले. वर बाभळीच्या फांद्या ठेवल्या, कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून. परत आले, अंघोळ केली, आणि दाराच्या आत बसलेल्या माझ्या मायला वडलांनी पत्ता सांगितला. रेल्वेच्या माणसानं सांगावा तसा: ‘वळणाच्या पलीकडं किलोमीटरचा दगड हाय. त्याच्यापून परळीच्या अंगाला सहावा खांब. खांबाच्या बुडाशी.’

दगडावर एक आकडा होता. तोही सांगितला. मायला अक्षरं वाचता येत नाहीत, पण आकडे येतात. तो आकडा तिच्या इतका पाठ आहे की तापात बरळतानाही तिच्या तोंडून मी तो ऐकलाय. इथं लिहीत नाही. तो तिचा आहे.

पुढं काही वर्षं ती त्याच क्वार्टरात राहिली. वळण ओलांडलं की दगड, दगडाच्या पुढं सहा खांब. हाकेच्या अंतरावर म्हणा ना. पण ती एकदाही गेली नाही. आधी बाळंतपण म्हणून, मग माझ्या वेळची पोटुशी म्हणून, मग तान्हा मी कडेवर म्हणून. शेजारच्या क्वार्टरातली म्हातारी दर वेळी म्हणायची, ‘आत्ताच नगं जाऊ, जागा कुठं पळून जायलीय का?’ मग वडलांची बदली परळीला झाली आणि जायचं राहूनच गेलं.

पण गाडीतून दिसायचं. मायचं माहेर गंगाखेडकडं, त्यामुळं वर्षातून दोनचारदा त्याच लाईनीनं जाणं व्हायचं. धावत्या गाडीतून मायला खांब मोजता यायचे नाहीत, तिला गरगरायचं. वडील मोजायचे. खिडकीशी बसून ओठ हलवत मोजायचे आणि म्हणायचे, ‘आला बघ.’ माय खिडकीच्या गजावर तळहात टेकवायची. गाडी पुढं जायची. मग आम्ही भुईमुगाच्या शेंगा खायचो. माझ्या आठवणीत तो प्रवास शेंगांचाच आहे. खिडकीशी काय चाललंय याची मला काही पडलेली नसायची.

नंतर मोठी, ब्रॉडगेजची लाईन झाली. हे वळण फार तीव्र म्हणून नवी लाईन दोनतीन शेतं सोडून सरळ टाकली. जुने रूळ काढले, खांब उपटले, स्टेशन बंद झालं. वडील त्या रूळ काढणाऱ्या टोळीत होते. ते आता नाहीत.

आम्ही जायचं कारण असं झालं. मामाच्या मुलानं मला मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. ‘बघ बे, तुमच्या टेशनाची वाट लावायलेत’ असं वर लिहिलेलं. एक पिवळं मशीन जुन्या लाईनीच्या भरावाचा मुरूम उचलून टिप्परमध्ये टाकत होतं. मागं स्टेशनची खोली दिसत होती. मी चहा पिता पिता बघत होतो, आणि माय माझ्या खांद्यावरून बघत होती, हे मला तिचा श्वास कानाला लागला तेव्हा कळलं.

‘मला न्ये,’ ती म्हणाली.

‘माय, तुझे गुडघे...’

‘गुडघे गाडीत ठिवून येईन. मला न्ये. मशीन तिकडं सरकायच्या आत न्ये.’

नांदेडला असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला फोन केला. तिला सुट्टी मिळेना. ती म्हणाली, ‘दादा, जागा नीट शोध. तुझ्या नेहमीच्या पद्धतीनं शोधू नको.’ माझी नेहमीची पद्धत म्हणजे मी लग्नाच्या हॉलमध्ये जेवून बाहेर पडल्यावर ते लग्न दुसऱ्याचं होतं हे मला कळणं. तसं एकदाच झालंय, पण आमच्या घरात एकदा झालेली गोष्ट ‘नेहमीची’ होते.

तर निघालो. वीजकेंद्राच्या राखेच्या टिप्परांच्या मागं मागं, धूळ खात. मोबाईलनं एका वीटभट्टीपाशी नेऊन ‘तुम्ही पोचला आहात’ असं सांगितलं.

‘तुज्या बापाला डोळे झाकून सापडायचं,’ माय म्हणाली.

‘ते रुळावरून चालत यायचे माय. रुळावर माणूस चुकत नाही.’

‘तू चुकला असता,’ मागून बायको म्हणाली.

शेवटी सोयाबीनच्या काढलेल्या रानातून, एका बांधाच्या कडेनं गाडी घातली आणि चाक रुतल्यावर तिथंच सोडली. पुढं चालत गेलो. मायला मधे धरून.

मला वाटलं होतं, पडकं का होईना, स्टेशन दिसलं की काहीतरी होईल. छातीत वगैरे. लिहिणाऱ्या माणसाला असल्या सवयी असतात. काही झालं नाही. छप्पर गेलेली खोली होती. दार नव्हतं, चौकट नव्हती, चौकटीच्या जागी भगदाड होतं. नावाची पाटी कुणीतरी नेली होती, भिंतीवर तिच्या आकाराचा उजळ चौकोन राहिला होता. फलाटाचे दगड अर्धे उपसून नेलेले. समोर रूळ असायला हवे होते तिथं बैलगाडीची चाकोरी होती. तिकिटाच्या खिडकीतून एक कोकरू तोंड बाहेर काढून आमच्याकडं बघत होतं.

खोलीतून एक बाई आली. मेंढरांवाली. वयानं माझ्याएवढी असेल, पण पाठ ताठ होती, माझी नाही.

‘कोण हाय?’

‘आमी इथं ऱ्हायचो,’ माय म्हणाली.

‘इथं? इथं मेंढरं ऱ्हात्यात.’

‘त्याच्या आधी.’

बाईनं आम्हा तिघांकडं खालून वर बघितलं. बायकोच्या चपलांपाशी जरा थांबली. ‘बसा,’ म्हणाली, आणि बसायला जागा नाही हे लक्षात आल्यावर हसली. ‘न्हाईतर उभेच ऱ्हा.’

मी दगडाचं विचारलं. किलोमीटरचा दगड, आकडा लिहिलेला. ती विचारात पडली. मग म्हणाली, ‘आकड्याचा दगड म्हंजी आमचा म्हसोबाच की.’

तो वळणाच्या अलीकडं, कडुलिंबाच्या झाडाखाली होता. शेंदूर इतका चढलेला की दगड गुबगुबीत झाला होता. पुढं फुटलेला नारळ, हळद, एक वाळलेला हार. मी खाली बसलो आणि अंगठ्याच्या नखानं शेंदूर खरवडायला लागलो.

‘ओ! हात नका लावू!’ बाई ओरडली. ‘कडक देव हाय त्यो!’

‘आकडा बघायचाय ताई. जरासाच.’

‘जरासा कसा बघता? देवाचं कातडं सोलता व्हय?’

बायको म्हणाली, ‘तू सरक. तुझ्यानं जमायचं नाही.’ तिनं पर्समधून ओला कागद काढला, एका कडेला अलगद फिरवला. खोदलेल्या आकड्याची कड उमटली. मग दुसऱ्या आकड्याची. माय वाकून बघत होती. तिचे ओठ हलले. तोच होता.

‘लिंब होता का गं तेव्हा?’ मी विचारलं.

‘नसंल. बाभूळ व्हती वाटतं एक.’ मग माझ्या पोटाकडं बघून म्हणाली, ‘तूच एवढा झाला. लिंबाला व्हायला काय लागतंय?’

आता खांब. एकही खांब शिल्लक नव्हता, खुंटसुद्धा नाही. दोन खांबांत किती पावलं हे वडील सांगायचे, मी विसरलो होतो. मोबाईलला रेंज नव्हती. मी अंदाजे ढांगा टाकायला सुरुवात केली, तशी बायको म्हणाली, ‘तुझी ढांग आणि बाबांची ढांग एक आहे का? ते रोज चालत होते. तू रिमोट आणायला चालतोस.’

तेव्हा माय म्हणाली, ‘आमच्या दारापून आडापस्तोर दोन खांब.’

क्वार्टर पडले होते, पण जोतं होतं. आड काट्यांनी बुजवलेला, पण कडेचा एक दगड घागरीच्या दोरानं कापलेला, त्यावरून ओळखू आला. पाणी तिनं त्या वाटेनं किती वर्षं वाहिलं होतं. जोत्यापासून आडापर्यंत बायको चालणार आणि पावलं मोजणार, मग तेवढंच तीनदा दगडापासून परळीच्या अंगाला, असं ठरलं.

‘अशी पळू नगं,’ माय म्हणाली. ‘डोक्यावर घागर हाय असं समज.’

माझी कॉलेजात शिकवणारी बायको डोक्यावर नसलेली घागर सावरत त्या रानातून चालली. मान ताठ, एक हात वर. कुणी हसलं नाही. मेंढ्यासुद्धा बाजूला झाल्या.

जागा आली ती एका बोरीच्या झुडपापाशी. मी काटे मोडले, हाताला बोचून घेतले. माय खाली बसली. बसली म्हणजे आम्ही दोघांनी बसवली. तिनं माती हातानं सारखी केली. पांढरं फडकं अंथरलं. मेणबत्ती लावली, वाऱ्यानं विझली. परत लावली, परत विझली. मग मी आणि बायकोनं चार तळहातांची भिंत केली आणि त्यात ती कशीबशी तेवली. मायनं त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं, आवाज न कापता. पुडा फोडून दोन बिस्किटं फडक्यावर ठेवली. आणि मग बोलायला तोंड उघडलं तर तिला हाक मारता येईना. बारसंच झालं नव्हतं. काय म्हणून हाक मारणार?

तिनं फडक्याची दुमडलेली कड सारखी केली. मग म्हणाली, ‘थोरल्या.’

आमच्या नात्यात सगळे मला थोरला म्हणतात. काका, मामा, आत्या, सगळे. मायनं मला त्या नावानं कधी हाक मारलेली नाही, हे मला त्या क्षणी, एवढा घोडा झाल्यावर, लक्षात आलं. मला वाटायचं तिला तो शब्द आवडत नसेल.

‘थोरल्या, मी आले बघ,’ ती म्हणाली, आणि मग रडली. मी तिला वडील गेले तेव्हाही असं रडताना बघितलं नव्हतं. आम्ही बाजूला झालो. बायकोनं माझ्या हातातला बोरीचा काटा काढला. माय डोळे झाकून होती तेव्हा मी फडक्याचा आणि मेणबत्तीचा एक फोटो काढला. बहिणीनं मागितला होता.

मेंढरांवाल्या बाईनं चहा केला. शेळीच्या दुधाचा, गूळ घालून. आम्ही फलाटाच्या उरलेल्या काठावर बसलो. मायचा चेहरा धुऊन काढल्यासारखा दिसत होता. बशीतून चहा ओढताना तिनं बाईला मेंढ्या किती, कोकरं किती, लांडगा येतो का, असं सगळं विचारलं. तिला इतकं बोलताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं, चला, आयुष्यात एक काम नीट झालं आपल्या हातून.

म्हणून मीच, उगाच, पाहुण्यानं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, ‘म्हसोबा लई जुना दिसतोय तुमचा?’

‘जुना म्हंजी,’ बाई म्हणाली, ‘माझ्या सासऱ्यानं आणला. पटऱ्या काढल्या ना, तवा तिकडं वळणाच्या पल्याड उलथा पडलता. सासऱ्याच्या सपनात आला. मला सावलीत ने म्हणला. मग बैलगाडीत घालून इथं लिंबाखाली आणून बसवला. चार गडी लागले.’

मी बायकोकडं बघितलं. बायको मायकडं बघत होती. मायनं बशी खाली ठेवली.

‘पल्याड म्हंजी कुठं?’

‘त्ये काय, मशीन हाय बघा. तिथंच कुठंतरी. आता खाण झाली तिथं मुरमाची.’

‘कुठंतरी म्हंजी कुठं?’

‘आता ते मी कसं सांगू माय? मी तवा लगीन होऊन नव्हते आले.’

माय उठली. आमच्या कुणाच्या आधाराशिवाय उठली. गुडघे खरंच गाडीत ठेवून आल्यासारखी चालायला लागली. आम्ही मागं धावलो. वळण ओलांडून गेलो तर पुढं भरावच नव्हता. जुनी लाईन एकदम तुटल्यासारखी संपत होती आणि खाली खड्डा होता. लांबरुंद, एका अंगाला हिरवट पाणी साचलेला. त्या दिवशी मशीन बंद होतं, सावलीत एक माणूस झोपला होता. दगड या खड्ड्याच्या कुठल्या काठावर होता, आणि त्याच्यापुढचा सहावा खांब कुठं येत होता, हे सांगायला काही उरलं नव्हतं. कुठूनही मोजलं तरी तो खड्ड्यातच येत होता. इथला मुरूम त्या व्हिडिओत आमच्या डोळ्यांदेखत टिप्परमधून गेला होता, कुठल्या कुठल्या रस्त्यावर पसरला होता. त्यातल्या एखाद्या रस्त्यावरून आम्ही सकाळी आलोही असू.

माय काठावर उभी राहिली. मी तिचा दंड धरला. तिनं झटकला नाही.

तेवढ्यात लांबून, दोनतीन शेतं ओलांडून, कोळशाची मालगाडी गेली. बराच वेळ जात राहिली. माय तिच्याकडं बघत होती.

‘ती लाईन कवाची?’

‘मोठी लाईन झाली तेव्हापासूनची.’

‘म्हंजी आपुन गंगाखेडला जायचो ते त्या लाईनीनं?’

‘हो. नंतर त्याच.’

तिनं शेवटचा डबा जाऊ दिला. मग म्हणाली, ‘मी इचारलंतं तुझ्या बापाला. आपलं टेशन कुठं गेलं म्हणून. तर म्हणले, आता गाडी थांबत न्हाई, जोरात जाती, म्हणून दिसत न्हाई.’

मग ती खड्ड्याकडं वळली.

‘इथल्या पटऱ्या कुणी काढल्या?’

तिला माहीत होतं. तरी तिनं विचारलं.

‘बाबांच्या टोळीनं.’

‘खांब बी त्यायनीच उपटले?’

‘टोळीनंच.’

‘मग मला ‘आला बघ’ कावून म्हणायचा तुझा बाप?’

नवी लाईन झाल्यावर कितीतरी वर्षं वडील खिडकीशी बसून ओठ हलवत मोजत होते. काय मोजत होते कुणास ठाऊक. मोजायचे आणि कुठल्यातरी सोयाबीनच्या, कुठल्यातरी कापसाच्या रानाकडं बघून म्हणायचे, ‘आला बघ.’ आणि ही गजावर हात टेकवायची. प्रत्येक वेळी तीच जागा तरी होती का, की गाडी जिथं असेल तिथं? मी समोरच्या बाकावर शेंगा सोलत बसलेलो असायचो. मला विचाराल तर मी टरफलांबद्दल सविस्तर सांगू शकेन.

बायको हळूच म्हणाली, ‘तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणत असतील, आई.’

‘मला वाईट वाटायचंच व्हतं बाई,’ माय म्हणाली. ‘तेवढंच तर त्याचं माझ्यापाशी व्हतं.’

मेंढरांवाली बाई आमच्या मागून आली होती. तिला काय झालं ते नीट कळलं नव्हतं, पण लेकराचं काहीतरी आहे एवढं कळलं होतं. ती म्हणाली, ‘माय, म्हसोबाच्या रानात लावली की मेणबत्ती. वाया न्हाई गेली.’

‘आमी म्हसोबा मानत न्हाई,’ माय म्हणाली. मग तिला ते कडक वाटलं असावं. ‘चहा चांगला झालता,’ असं म्हणून ती वळली.

गाडी काढायला त्या बाईच्याच दिराला बोलवावं लागलं. त्यानं आणि बायकोनं धक्का दिला, मी आत बसून चाक अजून खोल घालवलं, शेवटी त्यानंच गाडी काढून दिली. परतताना रेल्वेचं फाटक लागलं तेव्हा, माय स्वतःशीच म्हणाली, ‘एकदा जरी नेलं असतं.’ फाटक उघडेपर्यंत मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. तिनं नेमकं कुणाला म्हटलं ते कळलं नाही. वडलांनी न्यायला हवं होतं, की शेजारच्या म्हातारीचं न ऐकता आपणच आपल्याला, कोण जाणे. वडील असते तर मी त्यांच्याशी भांडलो असतो का? नसतो. मीही ‘आला बघ’च म्हटलं असतं, आणि बहुतेक चुकीच्या बाजूच्या खिडकीत.

घरी आल्यावर माय अंघोळ करून आली. मातीहून आल्यावर करतात तशी, डोक्यावरून. त्या लेकरासाठी, पहिल्यांदा.

दिवेलागणीला नांदेडहून बहिणीचा फोन आला. बहीण हे वाचणार नाही. ती माझं काहीच वाचत नाही. तुला बोलताना ऐकलंय तेवढं पुरे, असं तिचं मत आहे. म्हणून तर लिहितोय. बायकोनं फोन स्पीकरवर टाकून मायच्या पुढं धरला. आम्ही दोघं तिच्याकडं बघत होतो. मी मनात वाक्यं जुळवत होतो: खाण झालीय, जागा राहिली नाही, तू मनाला लावून घेऊ नको.

‘सापडलं का गं माय?’

‘सापडलं की,’ माय म्हणाली.

बायकोच्या हातातला फोन कलला. मी तो धरला.

‘खरंच? दगड होता?’

‘व्हता ना. आकडा बी हाय तसाच. बोरीपाशी हाय बघ. मेणबत्ती लावली, त्रिसरण म्हणलं. लई गार जागा हाय.’

पलीकडून बहीण रडायला लागली. ती रडते तेव्हा मोठ्यानं रडते, आमच्या घरात हे फक्त तिला जमतं. ‘बरं झालं माय,’ ती म्हणत होती, ‘लई बरं झालं. आता तुझ्या जिवाला घोर न्हाई. दादा, फोटो काढलास ना?’

‘काढलाय,’ मी म्हणालो.

‘पाठव ना मग.’

मी मायकडं बघितलं. तिनं मान हलवली. मी फोटो पाठवला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

‘माय, मोकळंच हाय गं सगळं तिथं. पावसाळ्यात आपण तिथं एक झाड लावू या. मी येते. दादा, येशील ना घेऊन?’

‘लावू की,’ माय म्हणाली, आणि माझ्याकडं बघत राहिली.

‘लावू,’ मी म्हणालो.